हौसाच्या दारापर्यंत

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला आश्चर्य वाटायला नको. चौतीस वर्षं अंबरनाथच्या एका शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर चिखलोलीला नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं, आणि राहायला येऊन आठवडा होत नाही तोच माझं पहिलं भांडण झालं. तेही एका कोंबड्याशी. हा कोंबडा सूर्याला वगैरे मुळीच जुमानत नसे. त्याला वाटेल तेव्हा आरवे, आणि दुपारी मी जरा आडवी झाले की त्याला हमखास वाटे.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून पत्र्याची एक लांबच लांब, बुटकी शेड होती. शेडच्या पलीकडच्या टोकाला चिकटून एक कौलारू घर. कोंबडा तिथलाच. मी चपला घातल्या, भिंतीला वळसा घालून गेले आणि शेडचं दार धाडकन ढकललं. आत एकही कोंबडी नव्हती. कमरेएवढ्या उंचीचं एक लाकडी टेबल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं, शंभर फूट तरी असेल, आणि त्यावर खेळण्यातल्या आगगाडीचे असावेत तसे बारीक रूळ. टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते.

"कोंबडा तुमचा का?" मी पायांना विचारलं.

"हो," टेबलाखालून आवाज आला. "तो टॉर्च जरा इकडं धरा ना."

मी टॉर्च धरला. अर्ध्या तासानं मी तो तसाच धरून उभी होते आणि कोंबड्याचा विषय निघालाच नव्हता. जनार्दन भोईरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

माणूस काटकुळा, काळासावळा, अंगात कायम दोन खिशांचा खाकी शर्ट. एका खिशात चष्मा, दुसऱ्यात विजेचा दाब मोजायचा मीटर. चष्मा विसरायचे, मीटर नाही. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी उभा जन्म विजेच्या देखभालीत काढला होता. मध्यंतरी धाकट्या भावाबरोबर घरच्या जागेत कोंबड्या पाळायचा उद्योग करून पाहिला. तो चालला नाही. कोंबड्या गेल्या, शेड उरली आणि हा एक कोंबडा उरला, कारण त्याला कोणी कापायचं यावर दोघा भावांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

भोईर कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी मीटरच्या दोन सुया प्लगमध्ये खुपसत. आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हाही तेच. "दोनशे अठ्ठावीस," ते म्हणाले, "बरं हाय तुमचं." आणि मग बसले. जणू दोनशे अठ्ठावीस नसते तर ते उभ्यानंच परत गेले असते. पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्या वेळी मीच विचारलं, "आज किती?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. निघाली किती ते सांगू नका, पोचली किती ते सांगा. हे विजेबद्दल होतं, पण ते सगळ्यालाच लावायचे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत त्यांच्या हातात प्रसादाचं ताट दिलं, तर हा गृहस्थ रांगेच्या शेपटाकडून वाटत आला. पुढं उभ्या असलेल्या सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लग्नाच्या पंगतीत भोईर कधी पहिल्या ओळीत बसले नाहीत. अगदी टोकाच्या पाटावर बसायचे, आणि पुरी आली की हाताच्या पाठीला लावून बघायचे, गरम पोचली का. गार असली की वाढप्याला हाक मारून प्रेमानं सांगायचे, "भाऊ, हितं येईस्तोवर दमली रे ही." वाढपी बिचारा परत पळायचा.

मी एकदा विचारलं, हे शेवटाचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून. त्यावर त्यांनी शेडच्या पलीकडच्या टोकाकडं बोट दाखवलं. तिथं स्वयंपाकघराचं दार शेडमध्येच उघडायचं आणि उंबऱ्यावर त्यांची बायको, हौसावहिनी, आमच्याकडं पाठ करून भाजी निवडत बसलेली असायची.

"ह्या गावात वीज आली ना बाई," भोईर म्हणाले, "तेव्हा आमचं घर लाइनीवरचं शेवटचं. पयल्या घरात दिवाळी, आणि आमच्याकडं येईस्तोवर बल्बात नुसती एक लाल काडी. बल्ब लागलाय का नाय ते बघायला काडी पेटवायला लागायची."

"चेष्टा करताय."

"तिला विचारा. लग्न होऊन आली, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सगळ्यांचा चहा केला. साखरेचा डबा आणि मिठाचा डबा शेजारी शेजारी. त्या उजेडात तिला काय दिसणार?"

हौसावहिनी पाठ न वळवता म्हणाल्या, "सासऱ्यांनी थुंकला. दिरानं थुंकला. सासूनं जो तोंडाचा पट्टा सोडला, आख्ख्या गावानं ऐकला."

"आणि ह्यांनी?" मी विचारलं.

"ह्ये प्यायले. सगळा."

"नवी होती ना," भोईर म्हणाले. "मग मी तिला बोललो, एक दिवस तुझ्या दारात पुरी वीज आणीन. म्हणून तर वायरमनचा कोर्स केला. पण मी शिकून येईस्तोवर बोर्डानं गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि वीज आपोआप आली. माझं आणायचं राह्यलंच."

हे राहिलेलं काम पुरं करायला त्यांनी रेल्वे बांधायला घेतली होती. आता ही कुठली रीत, असं मी तोंडावर विचारलं. तर म्हणाले, दुसरी कुठली वीज आता माझ्या हातात हाय?  

रेल्वे म्हणजे काय, तर एक इंजिन दुकानातून आणलेलं आणि बारा डबे घरी केलेले. घरात वायरिंग करताना भिंतीवर जी प्लास्टिकची चौकोनी पट्टी मारतात, तिचे वीतभर तुकडे कापून, खिडक्या पाडून, रंगवून डबे केलेले. प्रत्येक डब्यात गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब. मी म्हटलं, हल्ली ते एलईडी मिळतात, ते लावा की. भोईरांना ते मुळीच पटलं नाही. "एलईडी लबाड असतो बाई. आतून अर्धा उपाशी असला तरी हसतो. बल्ब खरं बोलतो."

गाडी निघायची त्या टोकाच्या स्टेशनावर पाटी होती 'सबस्टेशन'. स्वयंपाकघराच्या दाराशी शेवटचं स्टेशन, त्यावर पाटी 'हौसा', आणि फलाटावर एक इवलासा दिव्याचा खांब. गाडी सबस्टेशनातून दिमाखात सुटे. बारा डबे लख्ख. पंचवीस-तीस फूट गेली की डबे पिवळे पडत, पन्नास फुटांवर लाल, आणि सत्तर फुटांच्या आसपास गाडी एखाद्या म्हाताऱ्यासारखी टेकत टेकत उभी राही. हौसाच्या खांबावर नुसती एक लाल काडी. हौसावहिनी तिकडून, पाठ न वळवता, विचारत, "आली का?" भोईर म्हणत, "निघालीय." वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, गाडी दारात आली की वळून बघेन, तोवर नाही. आणि ही बाई शब्दाची पक्की. दोन वर्षं ती त्या रुळांकडं पाठ करून भाजी निवडत होती.

गाडी का थांबते ते भोईरांनी मला समजावलं. ह्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, एका रुळातून जाते, दुसऱ्यातून परत येते. रूळ बारीक, आणि दर तीन फुटांवर सांधा. प्रत्येक सांध्यावर थोडी वीज खर्ची पडते. मी भूगोलाची बाई, मला लगेच कळलं. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही ते असंच.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "सुरुवातीलाच जास्त पाणी सोडा."

भोईर हसले. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी माझा हात धरून वीज कमीजास्त करायच्या बटणावर ठेवला आणि म्हणाले, "सोडा."

मी सोडलं. फिरवायला सुरुवात केली की अर्धवट फिरवायचं, हे मला जमत नाही. इंजिन सबस्टेशनातून जे सुटलं ते शेडच्या पहिल्याच खांबापाशी रूळ वळतात तिथं रूळ सोडून, टेबल सोडून, खाली कोंबड्याच्या पाण्याच्या बादलीत गेलं. मागून तीन डबे. कोंबडा ओरडत शेडच्या आढ्यावर जाऊन बसला. मला वाटलं आता हा माणूस मला हाकलून देणार, आणि दिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. भोईरांनी इंजिन बादलीतून काढलं, पिल्लू झटकावं तसं झटकलं आणि हौसावहिनींच्या पापडांशेजारी उन्हात वाळत ठेवलं. "असं असतं," एवढंच म्हणाले. "शेवटच्याला पोचवायचं म्हणून पयल्याला भडभडून द्यायचं नाय. पयला मस्तवाल होतो."

मग खरा उपाय काय, तर टेबलाखालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या दोन जाड तारा न्यायच्या. वीज जाड तारेतून दमत नाही. आणि ह्या जाड तारांमधून दर तीन फुटांवर बारीक वायरींची एक जोडी वर काढायची, एक डाव्या रुळाला, एक उजव्याला. म्हणजे रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या हक्काची वीज. भोईर जाड तारांना कोंबडी म्हणत आणि बारीक जोड्यांना पिल्लं. एकूण तेहेतीस पिल्लं लागणार होती.

तारा आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. मी उगाचच गेले, पण भोईरांना भाव करता येत नाही हे मला माहीत होतं. तिथं किशनशेठ म्हणून त्यांच्या ओळखीचे एक सिंधी व्यापारी होते, जुन्या कारखान्यांचं सामान विकणारे. दुकानात शिरल्याबरोबर भोईरांनी त्यांच्या प्लगमध्ये मीटर खुपसला.

"दोसौ पाँच. साईं, तुमचं मागचं वायरिंग सडलंय."

किशनशेठनी कपाळाला हात लावला. "भोईर साब, आप ग्राहक हो या लाइट का इन्स्पेक्टर? पहले माल देखो." त्यांच्याकडची तार उत्तम होती, शुद्ध तांब्याची, जाड आणि बारीक दोन्ही, पण सगळीच्या सगळी पांढरी. लाल-काळी पाहिजे, भोईर म्हणाले. दोन रंग नसले तर डावी कुठली आणि उजवी कुठली कळायचं कसं? आणि एका जरी पिल्लाच्या वायरी उलट जोडल्या तर दोन्ही रूळ एकमेकांना भिडल्यासारखे होतात, शॉर्ट, गाडी जागची हलणार नाही. किशनशेठ म्हणाले, "रंग का क्या है साईं, रंग तो घर में भी लग जाता है."

तेच झालं. भोईरांनी आधी रंगीत टेप लावून पाहिली. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो. चार दिवसांत सगळ्या टेपा जमिनीवर. तेव्हा हौसावहिनी, अर्थातच पाठ न वळवता, म्हणाल्या, "डिंकाच्या पाण्यात हळद कालवा न् कुंकू कालवा. देवाच्या नारळाला लावतो ते वर्ष वर्ष जात नाय." भोईरांनी एक हळदीची वाटी केली, एक कुंकवाची. डावी हळद, उजवी कुंकू. शंभर फूट टेबलाखाली वायरींची टोकं अशी सजली की मी म्हटलं, भोईर, हे वायरिंग आहे का हळदीकुंकू? ते म्हणाले, बाई, तुम्ही पण या, ओटी भरू.

वर्षभर ते पिल्लं जोडत होते. रोज एक, कधी दोन, मध्येच आठवडा आठवडा काही नाही. वायरीला कथलाचा डाग देताना त्यांचं तोंड आपोआप उघडं राहायचं. गाडी हळूहळू पुढं जाऊ लागली. ऐंशी फूट. पंचाऐंशी. हौसावहिनींची पाठ मला जरा ताठ झाल्यासारखी वाटायची, पण त्या वळल्या नाहीत.

आणि मग एका संध्याकाळी भोईर आमच्याकडं आले आणि त्यांनी मीटर काढलाच नाही. तसेच बसले. 

चिखलोलीला स्टेशन होणार म्हणून सगळीकडं जागांना सोन्याचा भाव आला होता. धाकट्या भावानं, रमेशनं, सगळ्यांच्या संमतीनं जागा बिल्डरला दिली होती. भोईरांचीही सही होती. तक्रार त्यांची नव्हती. हौसावहिनींच्या माहेरी मुरबाडकडं त्यांना घर बांधायला जमीन मिळत होती. फक्त तारीख अचानक अलीकडं आली होती. सोमवारी पाडायचं मशीन येणार, पयली शेड जाणार.

"किती पिल्लं राहिलीत?" मी विचारलं.

"चार."

"मग इथं काय बसलाय? उठा."

रविवारी सकाळी अकराला गाडी हौसाला न्यायची असं ठरलं. नंतर कधी नाहीच. मुरबाडला सगळं पुन्हा बांधता येईल, रमेश म्हणाला, पण भोईरांनी मान हलवली. "हौसा लग्न करून आली ती ह्या घरात. मुरबाडात तिच्या माहेरात लावून काय करू?"

शुक्रवारपर्यंत तेहेतीसही पिल्लं जोडून झाली. पण त्यांच्या डोक्यात आलं की पाहुणे येणार, शेड कशी कळकट दिसतेय. ज्या शेडवर सोमवारी मशीन फिरणार तिला शनिवारी चुना मारायचा, हे फक्त भोईरांच्या घरातच होऊ शकतं. चुना मारणाऱ्यांनी काम छान केलं, फक्त शिडी सरकवताना अठ्ठाविसावं पिल्लू ओढून तोडलं. त्यात शनिवारी रात्री गेलेली लाइट रविवारी सकाळी दहालाही आलेली नव्हती.

साडेदहाला भोईर नवा झब्बा घालून गोणपाटावर, टेबलाखाली. हौसावहिनी दारातून ओरडत होत्या की तो झब्बा मी इस्त्री केलाय. मी वरून वाकून वायरी हातात देत होते.

"कुंकू द्या," खालून आवाज आला.

मी लाल टोक दिलं.

"आता हळद."

मी उरलेलं टोक दिलं. आता खरं सांगते. देताना मला ते टोकही लालच दिसलं. पण त्या कोपऱ्यात अंधार होता, माझा मोतीबिंदू पिकत आलाय, आणि भोईरांना विचारायचं म्हणजे मला दिसत नाही हे कबूल करायचं. चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आले की शंका आली तर विचारा. मी विचारलं नाही.

लाइट आली ती बरोबर अकराला. तोवर माणसं जमली होती. रमेशचं कुटुंब, कारखान्यातले जुने सोबती, आमच्या सोसायटीचे लोक, आणि उल्हासनगरहून खास आलेले किशनशेठ, पेढ्यांचा पुडा घेऊन. भोईर तपासणी करायला मीटर शोधू लागले तर नव्या झब्ब्याला खिसाच नव्हता. मीटर खाकी शर्टात आणि शर्ट वाळत. "असू दे," रमेश म्हणाला, "मुहूर्त टळेल." ज्या माणसानं पुरीची उष्णता मोजली त्यानं त्या एका दिवशी काही न मोजता बटण दाबलं.

टक, असा आवाज झाला आणि शॉर्ट झालं की वीज तोडणारा कटआउट पडला. गाडी हलली नाही. पुन्हा दाबलं, टक. तिसऱ्यांदा, टक.  तिकडून हौसावहिनींचा आवाज आला, "निघाली का?"

 मी भोईरांना कधी असं बघितलं नव्हतं. ते नुसते रुळाकडं बघत उभे.  "भोईर," मी म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "अठ्ठाविसावं. दुसरी वायरही लालच होती. मी तशीच दिली."

ते टेबलाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला. "दोन्ही लाल हायत. पण हळद मी माझ्या हातानं लावलेली, बाई. म्हणजे माझाच हात चुकला. हितं चुकला तर आणखी कुठं कुठं चुकला असंल? तेहेतीसच्या तेहेतीस उघडून बघायला लागतील." रमेश हळूच म्हणाला, "दादा, जाऊ दे आता." मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

तेव्हा उंबऱ्यावरून हौसावहिनी उठल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये आल्या, गुडघ्यावर हात ठेवत, एक एक पाऊल. गाडीकडं बघितलंच नाही, शब्द म्हणजे शब्द. सरळ अठ्ठाविसाव्याशी जाऊन वाकल्या, वायर नाकाशी नेली, बोटानं घासली, आणि वर बघून म्हणाल्या, "चुना उडालाय हिच्यावर. हळदीवर चुना पडला की ती लाल होणारच. येवढी वर्षं वीज शिकलात, हे नाय ठाऊक?"

 त्यांनी मला लिंबू आणायला पिटाळलं. मी पळाले. ह्या वयात मी फक्त त्या दिवशी पळाले असेन. लिंबू कापून त्यांनी एका टोकावर पिळलं, ते तसंच लाल राहिलं. "ह्ये बाजारचं, रंगाचं कुंकू. ह्ये हलणार नाय." दुसऱ्यावर पिळलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते लाल टोक पिवळं झालं. हळद आली.

"वाह भाभी," किशनशेठ म्हणाले, "ये मीटर तो दुकान में नहीं मिलता."

"बाकीची पिल्लं चुन्याच्या आधी जोडलीत ना?" हौसावहिनींनी नवऱ्याला विचारलं. "मग ती बरोबरच हायत. हात चुकला म्हणे." आणि त्या पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसल्या. पाठ करून.

म्हणजे मी कुंकू म्हणून हळद दिली होती. भोईरांनी दोन वायरींची अदलाबदल केली. ह्यावेळी टॉर्च मी धरला आणि डोळे फाडून बघितलं. मग त्यांनी बटण दाबलं.

गाडी सुटली. धावली नाही, उधळली नाही. बारा डबे, बारा दिवे, आणि पहिल्या फुटाला जेवढे उजळ तेवढेच पन्नासाव्या फुटाला. सत्तर फुटांशी, जिथं ती नेहमी टेकायची, तिथं सगळी माणसं न सांगता पुढं वाकली आणि ती एकसारख्या चालीनं पुढं निघून गेली. कारखान्यातले म्हातारे गाडीच्या बरोबरीनं टेबलाच्या कडेनं चालत होते. भोईर मात्र सबस्टेशनातच थांबले होते, हात बटणावर. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही.

हौसाच्या फलाटावर गाडी थांबली. खांबावरचा इवला दिवा लख्ख.

"आली का?" हौसावहिनींनी विचारलं.

"पोचली," भोईर शंभर फुटांवरून म्हणाले.

त्या वळल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग आत गेल्या, आणि स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

सोमवारी मशीन आलं आणि त्याच आठवड्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं गेले. परत आले तोवर ते दोघं मुरबाडला गेले होते, कोंबड्यासकट. फोन होतो अधूनमधून. रूळ सुटे करून माळ्यावर ठेवलेत, असं म्हणतात. मी मीटर किती दाखवतो ते विचारते, ते सांगतात. भेट अजून व्हायची आहे. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर भोईर आहेत ते त्या रविवारचेच. पेढे वाटून झालेत, पाहुणे निघालेत, आणि ते 'हौसा' स्टेशनाशेजारी उंबऱ्यावर बसलेत, झब्ब्याला पाठीवर गोणपाटाची धूळ.

हौसावहिनींनी सगळ्यांना चहा दिला. मला दिला, तो छान गोड होता. भोईरांनी त्यांचा कप तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबले. कपाकडं बघितलं, मग बायकोकडं.

"मीठ टाकलंस?"

"टाकलं."

"आता तर उजेड हाय."

"म्हणून तर नीट बघून टाकलं," हौसावहिनी म्हणाल्या.

भोईरांनी मान हलवली, आणि कप खाली न ठेवता सगळा चहा प्यायले.